हेकट माणसाला नेमकं काय म्हणायचं? दोन जुने कोश आणि एक नवं अ‍ॅप

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्या मंडळींना पुढे वाचायला नको. मराठीत लिहिण्याचं काम करत असाल आणि एकच शब्दकोश उघडा ठेवायचा असेल, तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश ठेवा. जोडीला आणखी एक हवा असेल तर मोल्सवर्थ. फोनवरचं ते समानार्थी शब्द देणारं अ‍ॅप, ज्याचं नाव मी घेणार नाही, शब्दकोडं सोडवण्यापुरतं राहू द्या.

आता मी ही परीक्षा कशी घेतली ते. मी परभाषेतल्या मालिकांचे संवाद डबिंगसाठी मराठीत लिहिते. नदी, झाड, खुर्ची यांच्यावर कुठलाच कोश नापास होत नाही, त्यामुळे तिथे तपासण्यात अर्थ नाही. कोशाची खरी कसोटी लागते ती माणसांच्या स्वभावांवर, आणि त्यातही आपलं मत काही केल्या न सोडणाऱ्या माणसावर. मालिका कुठल्याही देशाची असो, असं एक पात्र तिच्यात असतंच. माझ्या हातातल्या मालिकेत ते एक निवृत्त न्यायाधीश आहेत. बायको त्यांच्याबद्दल बोलते, मुलगा बोलतो, जुना प्रतिस्पर्धी वकील बोलतो आणि न्यायाधीश स्वतःबद्दलही बरंच बोलतात. मूळ संहितेत प्रत्येकाच्या तोंडी वेगळा शब्द आहे. मराठीत मी चारही ठिकाणी ‘हट्टी’ लिहिलं तर चार माणसांचा एकच माणूस होईल.

शिवाय डबिंगला एक भानगड असते जी पुस्तकाच्या अनुवादकाला नसते. पडद्यावरच्या नटाचे ओठ मिटले की आपल्या शब्दातही ओठ मिटायला हवेत, म्हणजे प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी त्या जागी यायला हवं. ‘स्टबर्न’मध्ये मधोमध ब आहे. ‘बिगट’ ब-नेच सुरू होतो. ‘ओपिनियनेटेड’मध्ये प. आणि मराठीत? ‘हट्टी’, ‘हेकट’, ‘हेकेखोर’, ‘एककल्ली’, ‘दुराग्रही’, ‘अडेलतट्टू’, ‘ताठर’, ‘कट्टर’: एकातही ओठ मिटत नाहीत! मराठी हट्टी माणूस तोंड उघडं ठेवूनच हट्ट करतो बहुतेक. मग ‘आडमुठा’ शोधा, ‘कर्मठ’ शोधा, ‘पोथीनिष्ठ’ शोधा, ‘झापडबंद’ शोधा. पण ओठ जुळले म्हणून अर्थ जुळतोच असं नाही, आणि कोश लागतो तो नेमका इथे.

अ‍ॅपचं लवकर उरकते. ‘हट्टी’ टाकलं की खाली स्वल्पविराम देऊन शब्दांची रांग येते: जिद्दी, आग्रही, ठाम, दुराग्रही, हेकेखोर, कट्टर, निश्चयी. एका ओळीत स्तुती आणि शिवी खांद्याला खांदा लावून. कुठला शब्द कोणाला लावायचा, बोलण्यातला कुठला आणि छापण्यातला कुठला, कशाचा पत्ता नाही. ज्याला हे आधीच माहीत आहे त्याला यादीची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला ही यादी तोंडघशी पाडेल. ‘तुमचे वडील फार निश्चयी आहेत’ आणि ‘तुमचे वडील फार हेकेखोर आहेत’ ही दोन वाक्यं ज्या यंत्राला सारखी वाटतात, त्याच्या भरवशावर संवाद लिहायचे नसतात. त्याच अ‍ॅपातल्या भाषांतराच्या सोयीने ‘ओपिनियनेटेड’ला ‘मतप्रधान’ असं उत्तर दिलं. मतप्रधान! ऐकायला एखाद्या मंत्रिमंडळातलं पद वाटतं. पुढे जाऊ.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला. जेम्स थॉमस मोल्सवर्थ आणि कँडी बंधू, जॉर्ज व थॉमस, यांनी स्थानिक शास्त्र्यांच्या मदतीने तो तयार केला. १८५७ ची दुसरी आवृत्ती वाढवलेली आहे, साठ हजारांच्या आसपास शब्दांची, आणि आज सगळे वापरतात ती हीच. १९७५ साली शुभदा-सारस्वतने तिचं पुनर्मुद्रण केलं. छापील प्रत हातात धरून वाचायची तर मनगटं मजबूत हवीत. मी मात्र तो पडद्यावरच वापरते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो पूर्ण, शोधता येईल असा आणि फुकट आहे. दाते-कर्वेही तिथेच.

फुकट वस्तूचं परीक्षण कशाला, असं कोणी विचारेल. वेळ फुकट नसतो म्हणून.

मोल्सवर्थचा मोठा गुण इंग्रजी अर्थांत नाही. तो दडलाय नामापुढे क्रियापदं देण्याच्या पद्धतीत. अनेक नामांच्या नोंदीत तो अर्थ सांगून थांबत नाही. हे नाम कुठल्या क्रियापदांबरोबर चालतं तेही लिहितो. दिसायला किरकोळ गोष्ट, पण मला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची झालेली नाही. कारण मराठीत आडमुठेपणाच्या जातींमधला फरक नामापेक्षा क्रियापदात जास्त दिसतो. हट्ट धरतात, पुरवतात, सोडतात. हेका धरतात आणि चालवतात, पण हेका पुरवल्याचं कोणी ऐकलंय? हट्टाला पेटतात, इरेला पेटतात, पण पूर्वग्रहाला कोणी पेटत नाही. तो बाळगतात, असतो, नाहीतर होतो. आग्रह करतात आणि धरतातही, आणि या दोन्हींत फरक आहे: ‘बसायचा आग्रह केला’ यात प्रेम, ‘त्याच खोलीचा आग्रह धरला’ यात अडवणूक. ताठा दाखवतात आणि उतरवतात. अडून बसतात, हटून बसतात, आणि दोन्हींत बसणंच आहे.

या क्रियापदांवरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी कुठल्याही व्याख्येवरून आली नसती. हट्ट पुरवता येतो, म्हणजे तो संपवता येतो. हट्टी माणसाला एखादी वस्तू, एखादी कृती हवी असते. मिळाली की प्रकरण मिटलं. म्हणून बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट असं जुन्या लोकांनी त्रिकूट केलं (स्त्रीला त्यात का ओढलं ते ओढणाऱ्यांना विचारा), कारण तिघांनाही काहीतरी हवं असतं असा त्यांचा समज. मताचं तसं नाही. मत न सोडणाऱ्याला द्यायला आपल्याकडे काहीच नसतं, मान डोलवण्याशिवाय. तेव्हा आपल्या न्यायाधीशांना ‘हट्टी’ म्हणणं मुळातच ढिलं आहे. त्यांना काही नको आहे. त्यांना फक्त बरोबर असायचं आहे.

मोल्सवर्थचा दुसरा उपयोग उलट्या बाजूने. कोश मराठीतून इंग्रजीत जाणारा आहे, पण संकेतस्थळावर नोंदींच्या मजकुरातही शोध घेता येतो. म्हणजे ‘ऑब्स्टिनेट’ हा इंग्रजी शब्द टाकला की ज्या ज्या मराठी शब्दाचा अर्थ सांगताना तो वापरलाय त्या नोंदी समोर येतात. आधी ओळखीचे येतात, मग त्यांच्यामागून कधी न ऐकलेले. अडचण एवढीच की ते इंग्रजीही १८५७ चं. ‘ओपिनियनेटेड’सारखे आपल्या रोजच्या तोंडचे शब्द टाकून फार हाती लागत नाही, ‘पर्व्हर्स’ आणि ‘पर्टिनेशस’ टाका, मग कोश बोलायला लागतो. शब्दाचं मूळ सांगणारी अक्षरंही तो देतो: हा संस्कृत, हा फारसी, हा अरबी, हा हिंदुस्तानी.

हे मूळ बघण्याचा शौक वरवर वेळखाऊ वाटतो, पण माझ्या धंद्यात तो पोटापाण्याचा आहे. परभाषेची संहिता माझ्याकडे कधी कधी हिंदीतून येते आणि हिंदी-मराठीत या शब्दांची अदलाबदल झालेली आहे. संस्कृतात ‘कर्मठ’ म्हणजे कामात कुशल, कामाला वाहून घेतलेला. हिंदीने तो अर्थ राखला. तिथे ‘कर्मठ कार्यकर्ता’ म्हटलं की माणूस खूश होतो. मराठीत कर्म म्हणजे कर्मकांड धरलं गेलं आणि कर्मठ झाला सोवळ्याओवळ्यात अडकलेला, नियमाचा अर्थ विसरून अक्षर धरून बसणारा. ‘जिद्द’चा प्रवास नेमका उलटा. मूळ अरबी शब्दात विरोधाचा, उलट बाजूचा भाव. हिंदीत ‘जिद’ म्हणजे पोराने पाय आपटणं. ‘जिद्दी’ ही तक्रार. मराठीत जिद्द बक्षीस समारंभात शोभते. तेव्हा हिंदीतून आलेल्या ओळीत बायको नवऱ्याला ‘जिद्दी’ म्हणत असेल आणि लेखकाने ते तसंच मराठीत ठेवलं, तर ती चिडलेली बाई अचानक नवऱ्याचा सत्कार करू लागते. असे प्रसंग मराठी पडद्यावर तुम्ही ऐकले असतील. आता कारण कळलं.

‘हेकेखोर’मधला ‘खोर’ फारसी आहे, खाणारा या अर्थाचा. लाचखोर, भांडखोर, चहाडखोर यांच्या पंगतीत बसवल्यावर हेकेखोरात सवय ऐकू येते: एकदा केलेला हेका नव्हे, रोजचा. ‘हेकट’मध्ये ती रोजची भूक नाही; त्यात स्वभावाचा वाकडेपणा आहे. डबिंगमध्ये हा फरक पाळता येतो: मुलगा वडिलांना कायमचा कंटाळलाय, त्याच्या तोंडी ‘हेकेखोर’. नुकतीच ओळख झालेली शेजारीण म्हणेल ‘जरा हेकटच दिसतात’.

मोल्सवर्थबद्दल एक नावड. तो बाहेरून बघणाऱ्याचा कोश आहे. अर्थ इंग्रजीत असल्यामुळे सात मराठी शब्द शेवटी दोन-तीन इंग्रजी शब्दांच्या डब्यात जातात, आणि डब्यात गेल्यावर सगळ्यांना एकच वास लागतो. क्रियापदं नसती तर मी तो बंद केला असता.

आता दाते-कर्वे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखालचा हा मराठी-मराठी कोश सात खंडांचा. पहिला खंड १९३२ चा, सातवा १९३८ चा आणि पुरवणी १९५० ची. या कोशाच्या नोंदीत अर्थ मराठीतच उलगडतो, मग वापराची उदाहरणं येतात, आणि उदाहरण ज्ञानेश्वरीतलं असेल तर ‘ज्ञा’, तुकारामाच्या गाथेतलं असेल तर ‘तुगा’ अशी खूण. शब्द एखाद्या भागातलाच असेल तर तेही कंसात. शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती. शब्दाखाली वाक्प्रचार आणि म्हणीही. म्हणजे एका शब्दाची नोंद वाचताना तो शब्द कोणाच्या तोंडून बाहेर पडला हे कळतं.

तक्रारीही आहेत. कोश जुन्या लेखनपद्धतीतला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, ते इथे सगळे शाबूत. ‘केलें’, ‘नांव’, ‘कांहीं’ अशी पानं डोळ्यांना सवय होईपर्यंत टोचतात, आणि आजच्या लेखनाने शोधलेला शब्द कधी कधी सापडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बदलून, अनुस्वार देऊन पुन्हा शोधावा लागतो. संक्षेप इतके की सुरुवातीला त्यांची यादी वेगळी उघडून ठेवावी. काही अर्थ लिहिणाऱ्यांच्या काळाचे आणि त्यांच्या जातीवर्गाचे पूर्वग्रहही बाळगून आहेत, जसं कुठल्याही कोशाचं असतं; डोळे उघडे ठेवून वाचायचं.

पण मत न सोडणाऱ्या माणसासाठी हा कोश घेऊन बसलं की मजा येते. एक शब्द उघडला की त्याच्या भाऊबंदांचा शोध सुरू होतो, कारण मराठीत ही घराणी आहेत. ‘ग्रह’ म्हणजे पकडणं. त्याचं घराणं बघा: आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह, निग्रह. सगळ्यांत मूठ आवळलेली आहे, फरक आहे तो कशावर आणि कधी आवळली याचा. निग्रहात ती स्वतःवरच. पूर्वग्रहात ती समोरचा बोलायच्या आधीच आवळून झालेली. म्हणून पूर्वग्रहदूषित माणूस अतिशय मृदू, हसतमुख, कधी वाद न घालणारा असू शकतो. त्याला वाद घालायची गरजच पडत नाही. दुराग्रही मात्र वादात दिसतो. आपल्याकडे हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात, हे मला पटत नाही. याच घराण्यातला आणखी एक, ‘सदाग्रह’: दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला नाव शोधताना मगनलाल गांधींनी तो सुचवला होता आणि गांधीजींनी १९०८ च्या सुमारास त्याचा ‘सत्याग्रह’ केला. तोच आग्रह, पुढे एक उपसर्ग किंवा शब्द बदलला की तुरुंगात जाणारा वीर नाहीतर शेजारचा कटकट्या.

‘ताठ’चं घराणंही तसंच. ताठ कणा म्हटलं की टाळ्या, ताठा म्हटलं की नाक मुरडणं, ताठर म्हटलं की बातमी. ‘ताठर भूमिका’ आणि ‘आडमुठं धोरण’ ही जोडी वृत्तपत्रांनी इतकी वापरली आहे की माणसापेक्षा संस्थेलाच ते शब्द जास्त बसतात. म्हणून न्यायाधीशांच्या प्रतिस्पर्धी वकिलाला मी ‘तुमची ताठर भूमिका’ दिलं. तो माणूस पत्रकार परिषदेत बोलल्यासारखाच बोलतो.

‘अडेलतट्टू’ वाटेत अडून बसणारं तट्टू, आणि ‘झापडबंद’ म्हणजे घोड्याच्या डोळ्यांना बाजूने झापडं लावलेली. एक पुढे जात नाही, दुसरा पुढेच जातो. दोन्ही प्राणी एकाच तबेल्यातले असून उलट वागतात, तरी अ‍ॅपने त्यांना समानार्थी ठरवलंय! झापडबंद माणूस कामाचा असू शकतो, वेगाने निघालेला असू शकतो. त्याच्या जवळचा ‘एककल्ली’, आणि त्याहून सुरेख ‘एकारलेला’. एकारलेला माणूस जन्मतः तसा नव्हता, होत होत एका बाजूला कलला, असं त्या शब्दाचं रूपच सांगतं. न्यायाधीशांच्या बायकोसाठी मला हाच हवा होता. तीस वर्षांच्या संसारानंतर ती त्यांना हेकट म्हणणार नाही. ‘एकारलेत हो अलीकडे’ असं म्हणेल, आणि ओठ कुठे मिटायचे ते ध्वनिमुद्रणाच्या वेळी बघू.

एका शब्दाबद्दल मात्र कोशापलीकडे जावं लागतं. ‘वितंडवाद’. कोणी आपलंच म्हणणं लावून धरलं की आपण म्हणतो, वितंडवाद घालतोय. ‘न्याय’ या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे) चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत राहणं. म्हणजे खऱ्या वितंडवाद्याला मतच नसतं! त्याला दुराग्रही म्हणणं हा त्याच्यावर अन्याय, कारण दुराग्रहासाठी निदान काहीतरी धरावं लागतं. न्यायाधीशांचा प्रतिस्पर्धी वकील असा आहे, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी दोघांना एकाच पट्टीने मोजत होते. बोलीत शब्द सैल झालाय, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही, पण पात्र वकील असेल आणि दुसरं पात्र न्यायाधीश, तर हा फरक त्यांच्या तोंडी शोभतो.

असाच जुना आणि धारदार शब्द ‘पढतमूर्ख’. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं दिली आणि दशक संपवताना दहाव्या समासात पढतमूर्खाची वेगळी. शिकलेल्याचा मूर्खपणा साध्या मूर्खपणात मोडत नाही हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. आज ‘पोथीनिष्ठ’ हा त्याच्या जवळचा, पण त्यात निष्ठा आहे. बोलणाऱ्याला थोडा आदर ठेवून टोचायचं असेल तर तो. पढतमूर्खात आदर नाही.

‘कट्टर’चं कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. कट्टर वैरी, कट्टर समर्थक, कट्टर चाहता. हा असा शब्द आहे जो माणसं स्वतःला हौसेने लावतात. ‘मी दुराग्रही आहे’ असं छाती पुढे काढून कोणी सांगत नाही. ‘मी कट्टर आहे’ असं सांगतात. कारण कट्टरला आधार लागतो, कोणाचा तरी, कशाचा तरी. एकटा माणूस हेकट होऊ शकतो. कट्टर व्हायला गट लागतो. ‘कडवा’ही त्याच वाटेने चाललाय. कोशात या शब्दांचा अर्थ मिळतो, पण हे ‘स्वतःला लावता येतो की नाही’ कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि सगळ्याच कोशांवरची माझी मुख्य तक्रार हीच. या प्रांतातल्या शब्दाचा अर्ध्याहून जास्त अर्थ, तो कोण कोणाला म्हणतंय यात असतो. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९४८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात हीच गंमत व्याकरणासारखी चालवून दाखवली होती: मी ठाम, तू हट्टी, तो डुकरासारखा अडेल मूर्ख. मराठीत ही साखळी त्याहून लांब जाते, कारण आपल्याकडे प्रथम पुरुषासाठी भरपूर चांगले कपडे आहेत: ठाम, खंबीर, निग्रही, तत्त्वनिष्ठ, बाणेदार, मोडेन पण वाकणार नाही. दुसऱ्यासाठी: मी म्हणेन ती पूर्व दिशा, पालथ्या घड्यावर पाणी, धरलेल्या सशाला तीनच पाय, सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. वागणूक एकच. आमचे न्यायाधीश स्वतःबद्दल बोलतात तेव्हा त्यांना ‘बाणेदार’ द्यावासा वाटला, पण तो माणसाने स्वतःला लावायचा शब्द नाही. तो इतरांनी, शक्यतो निधनानंतर, लावायचा. शेवटी त्यांना दिलं: ‘मला पटलं नाही, म्हणून मी बदललो नाही.’ शब्दच नको. कोशाची फी वसूल झाली, कारण सगळे शब्द तपासल्यावरच कळलं की हा माणूस स्वतःसाठी विशेषण वापरणारच नाही.

माझं मागणं अवास्तव नाही. अमरकोशात शब्द अर्थाच्या वर्गांत मांडलेले आहेत, अक्षरांच्या क्रमाने नव्हे. रॉजे या इंग्रज कोशकाराने १८५२ साली इंग्रजीसाठी तेच केलं. असा मराठी कोश हवा ज्यात ‘मत न सोडणारा’ या दालनात शिरलं की शब्दापुढे तीन गोष्टी असतील: कुठलं क्रियापद, बोलीतला की लिखाणातला, आणि कोण कोणाला म्हणतं. लिंगाचंही टिपण हवं. ‘आडमुठा’ बाईसाठी ‘आडमुठी’ होतो, ‘हेकट’ आणि ‘एककल्ली’ तसेच राहतात, ‘अडेलतट्टू’ बाईला लावताना जीभ अडखळते. न्यायाधीशांच्या सासूबाई पुढच्या भागात येणार आहेत, तेव्हा हे मला लागणारच आहे.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये. विद्यार्थ्याला निबंधासाठी दोन शब्द हवे असतील तर दाते-कर्वे फार जड जाईल. त्याने शाळेचा कोश वापरावा. बातम्या लिहिणाऱ्यांनी मोल्सवर्थची क्रियापदं जरूर बघावीत. कथा-नाटक लिहिणाऱ्यांनी दाते-कर्वे सोडू नये. दोन्ही कोशांत १९५० नंतरचा वापर शोधू नका. आजच्या वादांतले शब्द, ‘अंधभक्त’सारखे, आजच्याच लोकांकडून ऐकावे लागतात, आणि ते ऐकताना दोन्ही बाजूंकडून ऐकावेत, कारण प्रत्येक बाजूकडे दुसऱ्यासाठी असा एक ताजा शब्द तयार असतो. मी त्यांच्यासाठी वही ठेवली आहे, आणि तिच्यात वर मागितलेल्या तीन रकान्यांशिवाय चौथाही आहे: ओठ मिटतात की नाही.